संथ इंग्रजी आणि साहित्याचा कान

हवामान, बाजारहाट, रेल्वेचे आरक्षण, शेजाऱ्याशी चार शब्द अशा रोजच्या विषयांवरचे इंग्रजी संथ गतीने ऐकत ती भाषा शिकण्याच्या पद्धतीला आपल्याकडील इंग्रजी विभागांत फारशी प्रतिष्ठा नाही. ती स्पोकन इंग्लिशच्या क्लासवाल्यांची गोष्ट. साहित्याच्या विद्यार्थ्याने तिच्यात वेळ दवडू नये, अशी एक अलिखित समजूत आढळते. आमचे मत नेमके उलट आहे. मराठी माध्यमातून येऊन इंग्रजी साहित्य हा विशेष विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला या श्रवणाची गरज इतरांपेक्षा अधिक आहे, आणि ती गरज नोकरीच्या मुलाखतीपुरती नसून साहित्याच्या आकलनाचीच आहे.

महाराष्ट्रात इंग्रजी मुख्यतः डोळ्यांनी शिकली गेली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या पोसल्या, त्या मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करीत व्याकरणात पक्क्या झाल्या. ही कमाई लहान नव्हे. २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली. इयत्ता बदलली, शिकण्याचे इंद्रिय मात्र बहुतेक ठिकाणी तेच राहिले. परिणाम असा, की पदवीच्या वर्गात शोकात्मिकेची व्याख्या बिनचूक लिहिणारी मुलगी चर्चेच्या तासाला गप्प बसते. तिला काही सांगायचे नसते असे नाही. समोरून आलेले वाक्य कोठे सुरू झाले आणि कोठे संपले, हेच तिला वेळेत उमगत नाही.

यामागे ध्वनींचे एक साधे कारण आहे. मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला बहुतांशी त्याचा वाटा देतो. इंग्रजीत आघाताची अक्षरे ठळक होतात आणि मधली दाबली जातात. 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असतो. 'फोटोग्राफर' म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिला ओ झिजून अ होतो. कानावर पडते ते 'फटॉग्रफर'सारखे काहीतरी. देवनागरीत आपण दोन्ही शब्दांना तेच स्वर देतो, म्हणून तेच ऐकू येतील अशी अपेक्षा धरून बसतो. याहून गमतीचा प्रकार 'व'चा आहे. 'व्हॅन' लिहिताना मराठी माणूस 'व्ह' लिहितो आणि 'वॉचमन' लिहिताना 'व'. हिंदीत असा लेखनभेद रूढ नाही. म्हणजे हा भेद आपल्या लेखणीला ठाऊक आहे, पण इंग्रजी वेगाने कानावर आदळू लागली की तो विरून जातो. तो पकडायला कानाला अवधी लागतो, आणि हा अवधी देणे हेच संथ श्रवणाचे काम.

या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग शाळेत नव्हे, रेडिओवर झाला. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९ ऑक्टोबर १९५९ रोजी स्पेशल इंग्लिश या नावाने प्रसारण सुरू केले. सुमारे १५०० शब्दांचा मूळ संग्रह, एका वाक्यात एकच विचार, आणि बोलण्याचा वेग नेहमीच्या बातम्यांच्या दोन तृतीयांश. शीतयुद्धाच्या काळातील हे सरकारी केंद्र होते. ऐकणाऱ्यासाठी आपली भाषा कोण संथ करतो आणि का करतो, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. पण त्या हेतूमुळे तंत्राचे मोल कमी होत नाही. बातम्यांबरोबर अमेरिकन लेखकांच्या कथाही या सोप्या इंग्रजीत तेथून वाचल्या गेल्या. २०१४ मध्ये या सेवेचे नाव लर्निंग इंग्लिश झाले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाच्या आदेशानंतर केंद्राच्या जवळजवळ सर्व कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवण्यात आले, आणि साडेसहा दशके चाललेली ही परंपरा एका फटक्यात खंडित झाली.

त्या निवेदकांकडून घेण्यासारखी एक गोष्ट अशी, की ती गती माणसाने साधलेली होती. माणूस सावकाश बोलतो तेव्हा तो पदबंधांमधले विराम वाढवतो, आघाताचा स्वर किंचित लांबवतो. मोबाइलवरची वेग कमी करण्याची कळ मात्र सगळेच सारखे ताणते. व्यंजनेही रबरासारखी लोंबू लागतात. ते संथ इंग्रजी नव्हे, ते आजारी इंग्रजी. तसेच, सावकाश बोलण्याच्या नादात प्रत्येक 'ऑफ' आणि 'टू' सुटा करून ठणकावणारे पाठही टाळावेत. दाबलेली अक्षरे संथ बोलण्यातही दाबलेलीच राहिली पाहिजेत.

कोणी म्हणेल, आमच्या वर्गात संथ इंग्रजी रोजच असते. खरे आहे. प्राध्यापक नोट्स उतरवून देतात तेव्हा वेग पुरेसा कमी असतो, वाक्ये दोनदा उच्चारली जातात. परंतु तेथे हात चालतो, कान नव्हे. वाक्याचे तुकडे कागदावर पोहोचतात आणि अर्थ परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबतो.

आता रोजच्या विषयांचा प्रश्न. साहित्यवाल्यांचा खरा आक्षेप येथेच असतो: न्याहारीच्या गप्पा ऐकून काय साधणार? हॅरॉल्ड पिंटरचे 'द बर्थडे पार्टी' १९५८ मध्ये रंगभूमीवर आले. त्याची सुरुवात कॉर्नफ्लेक्स आणि वर्तमानपत्र यांच्याभोवती रेंगाळणाऱ्या नवराबायकोच्या बोलण्याने होते. आपला विद्यार्थी या प्रवेशाविषयी 'भयसूचकता' आणि 'संवादाचे अपयश' असे शब्द लिहितो, कारण ते गाइडमध्ये असतात. पण न्याहारीचे साधे, निरुपद्रवी इंग्रजी ज्याने कधी ऐकलेच नाही, त्याला या न्याहारीत काय बिनसले आहे ते कसे कळावे? हेमिंग्वेच्या 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स'चेही तेच. स्पेनमधल्या रेल्वे स्थानकावर दोघे बिअर मागवतात आणि बोलत राहतात; ज्या गोष्टीविषयी बोलणे चालले आहे तिचे नाव एकदाही उच्चारले जात नाही. सगळी कथा स्वरात आहे. तेंडुलकरांच्या नाटकातले अर्धवट तोडलेले वाक्य मराठी वाचकाला लगेच कळते, ते त्याने टीका वाचली म्हणून नव्हे. घरात, कचेरीत तशी तुटलेली वाक्ये त्याने आयुष्यभर ऐकली आहेत म्हणून. इंग्रजीत ही शिदोरी विद्यार्थ्याला आयती मिळत नाही. ती मुद्दाम बांधून द्यावी लागते.

या पाठांतले जग परके असते, हे मान्य करायला हवे. त्यातल्या सुपरमार्केटला आपल्या आठवडी बाजाराचा वास नाही. आणि संथ गतीत कायमचा मुक्काम केला तर खरे बोलणे कानावर पडताच घाबरगुंडी उडेल, हेही खरे. म्हणून पाच मिनिटांचा एकच पाठ तीनदा ऐकावा: आधी संहितेशिवाय, मग संहिता समोर ठेवून, मग पुन्हा तिच्याशिवाय. तिसऱ्या वेळी कंटाळा येऊ लागला की गती वाढवावी. यासाठी भाषा प्रयोगशाळेची गरज नाही. अनेक महाविद्यालयांत तिला कुलूपच असते. एक बरा ध्वनिक्षेपक आणि पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकातला आठवड्याचा एक तास पुरे. त्याच तासाला, सत्राच्या शेवटी, पिंटरचा तो पहिला प्रवेश वर्गाला ऐकवावा, आणि 'ॲब्सर्ड' हा शब्द शिक्षकाने त्यानंतरच उच्चारावा.