अंधुक झालेला प्रत्येक डोळा मोतीबिंदूचा नसतो

आपल्याकडे साठी ओलांडलेल्या माणसाने 'मला नीट दिसेना' असे म्हटले, की घरातले सगळे एकाच निदानावर येऊन थांबतात. मोतीबिंदू! मग पुढच्या शिबिराची तारीख विचारली जाते, आणि तोपर्यंत 'अजून पिकू द्या' असा सल्ला शेजारपाजारचे देतात. यात शिबिरांचा दोष नाही. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून खेड्यापाड्यांतील असंख्य वृद्धांना शिबिरांनी दृष्टी परत मिळवून दिली. २००८ साली पद्मश्री मिळालेले डॉ. तात्याराव लहाने तर आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातलेच. त्यांच्यासारख्यांच्या कामामुळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनची जुनी धास्ती मराठवाड्यातून बरीचशी गेली. पण या यशाचा एक उलटा परिणामही झाला. डोळ्याला मोतीबिंदूखेरीज आणखी काही होते, हेच आपण विसरून गेलो.

आज ज्या विकाराबद्दल लिहायचे आहे त्याचे नाव मॅक्युलर होल, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पडलेले छिद्र. वाचकांपैकी पुष्कळांनी जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिला असेल. मशीनचे भिंग मळले तर सगळे चित्र धूसर दिसते. तो झाला मोतीबिंदू. पण भिंग लख्ख असून पडद्याच्या बरोबर मधोमध भोक असेल, तर चित्राच्या कडा व्यवस्थित दिसतील आणि नायकाचे तोंड मात्र गायब होईल. असा पडदा असताना भिंग कितीही नवे बसवा, उपयोग नाही.

डोळ्याच्या मागच्या बाजूला जो नाजूक पडदा असतो त्याच्या मध्यावर एक पिवळसर ठिपका आहे. त्याला पीतबिंदू किंवा मॅक्युला म्हणतात. तांदळातला खडा वेचणे, सुईत दोरा ओवणे, सातबाऱ्यावरचे आकडे वाचणे, बांधावरून येणारा माणूस कोण हे ओळखणे ही सारी बारकाव्याची कामे एवढ्याशा जागेवर चालतात. डोळ्याच्या पोकळीत काचेसारखा स्वच्छ, घट्ट रस भरलेला असतो. वय वाढते तसा तो आकसतो आणि पडद्यापासून सुटू लागतो. बहुतेकांच्या बाबतीत तो बिनबोभाट सुटतो. काहींच्या बाबतीत मात्र नेमका पीतबिंदूशी चिकटून राहतो, ओढ देतो, आणि त्या ओढीने मधोमध छिद्र पडते. हे छिद्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढेही नाही. पण माणसाचे वाचन बंद पाडायला तेवढे पुरते. साठीच्या पुढे आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार जास्त आढळतो.

तरुणांत याचे कारण बहुधा मार हे असते. विटी, क्रिकेटचा चेंडू, फटाका, वैरण टाकताना लागलेले बैलाचे शिंग. मार लागून पडलेल्या छिद्राचे वर्णन हर्मन नॅप या नेत्रतज्ज्ञाने १८६९ मध्येच करून ठेवले होते. मुलांच्या बाबतीत असे छिद्र कधी कधी आपोआप मिटते, म्हणून डॉक्टर काही काळ वाट पाहायला सांगतात. ती वाट मात्र डॉक्टरांच्या नजरेखाली पाहायची असते, घरी बसून नव्हे.

हा विकार किती जणांना होतो? निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून वयस्कर माणसांत हजारी एक ते तीन असा अंदाज निघतो. हे वाचून 'मग काळजी कसली' असे कोणी म्हणेल. त्यांनी जरा हिशेब करावा. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. त्यात साठीपुढचे एक दशांश धरले तरी अडीच लाख माणसे होतात. हजारी दोन धरले तर पाचशेच्या आसपास माणसे या जिल्ह्यात असे छिद्र घेऊन वावरत असावीत. हा आकडा अंदाजाचा आहे, मोजणीचा नाही. पण आष्टीपासून परळीपर्यंत विखुरलेल्या या पाचशेंपैकी किती जणांना आपल्या आजाराचे नाव ठाऊक असेल?

ठाऊक नसण्याचे कारण साधे आहे. हा आजार दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही. आणि बहुधा तो एकाच डोळ्याला होतो. दुसरा डोळा सगळे काम निभावून नेतो. मग कधीतरी चांगल्या डोळ्यात कचरा जातो, माणूस तो डोळा चोळायला मिटतो, आणि समोर उभ्या असलेल्या मुलाच्या चेहऱ्यात नाकाच्या जागी करडा डाग दिसतो. अशा आजीबाई मी पाहिल्या आहेत. त्यांतल्या काहींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आधी झालेले असते, आणि 'ऑपरेशन बिघडवले' म्हणून त्या डॉक्टरला बोल लावत असतात. भिंग अगदी जागच्या जागी असते. पडदा कोणी नीट पाहिलेलाच नसतो.

म्हणून वाचकांना विनंती, हा लेख वाचतानाच एक चाचणी करून पाहा. वाचायचा चष्मा असेल तर तो लावा. एका डोळ्यावर तळहात ठेवा, डोळा दाबू नका. या वर्तमानपत्राच्या दोन रकान्यांमधल्या सरळ रेषेकडे किंवा पानाच्या सरळ कडेकडे उघड्या डोळ्याने पाहा. रेषा सरळ दिसते का? मध्येच वाकलेली, चिमटा घेतल्यासारखी किंवा तुटलेली दिसते का? एखाद्या शब्दाचे मधले अक्षर गळते का? मग दुसऱ्या डोळ्याने हेच करा. घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांना अक्षरओळख नाही त्यांना दाराची चौकट, खिडकीचे गज किंवा समोरचा विजेचा खांब दाखवा. खांब मध्ये वाकला आहे असे आजी म्हणाल्या, तर हसू नका. त्यांना चार-आठ दिवसांत नेत्रतज्ज्ञाकडे न्या आणि 'बाहुली मोठी करून पडदा तपासा' असे स्पष्ट सांगा.

१९९१ पूर्वी हे छिद्र असाध्य समजले जाई. रुग्णाला एवढेच सांगत, की याला इलाज नाही, दुसरा डोळा सांभाळा. १९८८ मध्ये अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड गॅस यांनी काचरसाच्या ओढीमुळे हे छिद्र पायरीपायरीने कसे घडते ते मांडले. मग १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातले डॉ. नील केली आणि डॉ. रॉबर्ट वेन्डेल यांनी ५२ डोळ्यांवर केलेल्या शस्त्रक्रियेचे निकाल प्रसिद्ध केले. ३० डोळ्यांतली छिद्रे मिटली आणि त्यांतल्या २२ जणांची दृष्टी लक्षणीय सुधारली. आजच्या मानाने हे यश बेताचेच. पण 'इलाज नाही' हे वाक्य त्या दिवशी संपले. त्याच वर्षी ओसीटी या प्रकाशाने पडद्याचा छेद दाखवणाऱ्या तपासणीचा पहिला अहवाल आला. सुई नाही, वेदना नाही. हनुवटी टेकवून काही क्षण समोर पाहायचे आणि छिद्र किती रुंद आहे ते कळते. पुढे १९९७ मध्ये जर्मनीच्या डॉ. क्लाउस एकार्ट यांनी पडद्यावरचा अतिशय पातळ पापुद्रा सोलून काढण्याची पद्धत मांडली आणि यशाचे प्रमाण आणखी वाढले. आता वेळेवर आलेल्या, लहान किंवा मध्यम छिद्रांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक मिटतात.

शस्त्रक्रियेत करतात ते असे. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून तीन बारीक छेद घेऊन आतला काचरस काढतात, निळ्या रंगाने रंगवून तो पापुद्रा सोलतात आणि डोळ्यात विशिष्ट वायूचा बुडबुडा सोडतात. बहुधा डोळ्याजवळ इंजेक्शन देऊन, रुग्ण जागा असतानाच हे होते. हा बुडबुडा छिद्रावर आतून टेकू देतो. बुडबुडा नेहमी वर चढतो, आणि छिद्र तर डोळ्याच्या मागच्या भिंतीवर. म्हणून रुग्णाने तोंड जमिनीकडे ठेवले, की बुडबुडा बरोबर छिद्रावर जाऊन बसतो. इथून पुढचे अर्धे ऑपरेशन रुग्णाच्या घरात होते, असे मी म्हणतो.

छिद्र लहान असेल तर अलीकडे काही डॉक्टर दोन-तीन दिवसच मान खाली ठेवायला सांगतात, मोठे असेल तर आठवडाभर किंवा जास्त. आठ दिवस पालथे राहणे ऐकायला सोपे आहे. शहरात त्यासाठी खास खुर्च्या भाड्याने मिळतात. आपल्याकडे काय करावे? बाजेच्या कडेवरून कपाळ उशीवर टेकवून तोंड खाली सोडून झोपता येते. खुर्चीत बसून समोरच्या पाटावर घडी केलेली गोधडी ठेवून त्यावर कपाळ टेकता येते. जेवण ताट मांडीवर घेऊन. आपल्या बायकांना धान्य निवडताना तासन् तास मान खाली घालून बसायची सवय असते आणि या एका बाबतीत त्या पुरुषांपेक्षा चांगल्या रुग्ण ठरतात, असा माझा अनुभव आहे. अर्थात धान्य निवडू नका! धूळ डोळ्यात जाता कामा नये. चूल, पाखडणे, डोक्यावरून आंघोळ हे डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद. मध, एरंडेल, कसला अंगारा, काहीही डोळ्यात घालायचे नाही.

सुरुवातीला त्या डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नाही. घाबरू नये. काही दिवसांनी वरच्या बाजूने उजेड येऊ लागतो आणि तांब्यातले पाणी हिंदकळावे तशी एक रेघ हलताना दिसते. ती रोज थोडी खाली सरकते आणि शेवटी बुडबुडा विरून जातो. कोणता वायू वापरला त्यानुसार याला दोन ते आठ आठवडे लागतात. या काळात विमानप्रवास सक्त वर्ज्य आहे, कारण वर हवेचा दाब कमी होतो, वायू फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढतो. आपल्या वाचकांपैकी विमानाने कितीजण जातात हा प्रश्न बाजूला ठेवा. पण मुंबईला ऑपरेशन करून गाडीने परत येताना खंडाळ्याचा घाट चढावा लागतो, हे लक्षात असू द्या. सुट्टी घेतानाच डॉक्टरांना विचारा की घाट चढून जाऊ का, आणि कधी जाऊ. शिवाय बुडबुडा असेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही कारणाने भूल घ्यायची वेळ आली, तर 'डोळ्यात वायू आहे' हे भूलतज्ज्ञांना आधी सांगायचे. भुलेत वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड तो बुडबुडा फुगवतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो.

खोटी आशाही दाखवायला नको. छिद्र मिटले म्हणजे विशीतली नजर परत येत नाही. सुधारणा हळूहळू, काही महिने होत राहते. थोडा वाकडेपणा उरू शकतो. मोतीबिंदूचे ऑपरेशन आधी झाले नसेल तर एक-दोन वर्षांत मोतीबिंदू वाढतो, तेव्हा ते करावे लागते. थोड्या रुग्णांत पडदा सुटतो, क्वचित जंतुसंसर्ग होतो. डोळा ठणकू लागला किंवा बाजूने काळा पडदा सरकताना दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता खर्‍या अडचणीकडे येतो. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात. गावात राहतात म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. अशा घरातल्या आजीला कार्तिकात रेषा वाकडी दिसू लागली, तर तिला जालन्याला किंवा पुण्याला नेणार कोण? आठ दिवस ती पालथी पडली, तर नातवंडांना भाकरी कोण घालणार? म्हणून 'पाडव्यापर्यंत पोरं येतील, मग बघू' असे ठरते. पाच-सहा महिने जातात. एवढ्यात छिद्र रुंदावते, कडा घट्ट होतात आणि जे यश हमखास मिळाले असते ते नशिबावर येते. 'म्हातारीला कशाला वाचायचे आहे' असे म्हणणारेही भेटतात. ज्या म्हातारीच्या भरवशावर दोन पोरे आणि घर टाकून तुम्ही साखर कारखान्याच्या फडात जाता, तिला डोळे लागत नाहीत काय?

माझे स्पष्ट मत असे आहे की मोतीबिंदूच्या प्रत्येक शिबिरात एकेका डोळ्याची वेगळी दृष्टी तपासावी, बाहुली मोठी करून पडदा पाहावा आणि मगच नाव नोंदवावे. मोतीबिंदू दाट असल्याने पडदा दिसलाच नाही, तर ऑपरेशननंतर पाहावा आणि तसे कागदावर लिहावे. याला फक्त थेंब, वेळ आणि इच्छा लागते. बीडचे जिल्हा रुग्णालय असो की अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पडदा तपासणारे डॉक्टर कोणत्या वारी बसतात आणि ओसीटी कधी व कुठे होते, हे मोठ्या अक्षरांत बाहेर लावले पाहिजे. ग्रामीण माणसाच्या पडद्याची बारकाईने तपासणी होत नाही, ही सबब चालणार नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने विदर्भातल्या खेड्यांमधल्या चार हजारांहून अधिक प्रौढांचे डोळे अशा यंत्रांनी तपासून दाखवले आहेत.

तोपर्यंत रुग्णांनी काय करावे? जालन्याचे श्री गणपती नेत्रालय, पुण्याचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे आणि मुंबईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे निघण्यापूर्वी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे आणि रेशन कार्ड व आधार कार्ड सोबत न्यावे. ओसीटी झाली असेल तर तिचा कागद विसरू नये.

आणि एक. ज्यांच्या एका डोळ्याला छिद्र पडले आहे त्यांच्या दुसऱ्या डोळ्यालाही पाच वर्षांत ते होण्याची शक्यता शंभरात दहा-पंधरा इतकी असते. त्यांनी ती रेषेची चाचणी दर रविवारी करावी, आणि ऊसतोडीला निघणाऱ्यांनी गाडी भरण्याआधी आई-वडिलांकडून ती एकदा करून घ्यावी.