जुन्या जीपची चाके : ठेवावीत की टाकावीत?

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिक अंकात कविता असाव्यात, सहलीची वर्णने असावीत, गेला बाजार एखादा विनोदी लेख असावा. मोटारीच्या चाकांवर लेख कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यावर माझे उत्तर एवढेच, की ज्याला जे ठाऊक आहे त्याने ते लिहावे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्याआधी घरात जे शिक्षण झाले ते पान्याचे आणि हातोडीचे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तालुक्याच्या गावी रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये जीपगाड्यांची कामे करतात. इतिहासाचा तास संपला की मी तिकडे जातो. तास आणि शेड यांत मला वाटले होते तेवढे अंतर नाही.

गेल्या काही वर्षांत जुन्या जीपना बरे दिवस आले आहेत. गोठ्याच्या कडेला, कडब्याच्या गंजीआड पडलेल्या जीप शहरातले हौशी लोक हुडकून नेतात आणि पुन्हा रस्त्यावर आणतात. इथवर आनंदच आहे. पण काम चाकांपाशी आले की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ही गंजकी लोखंडी चाके भंगारात घाला आणि रुंद, चकचकीत अलॉय बसवा. दुसरा म्हणतो, मूळ चाकच पाहिजे. चीर गेली असली तर वेल्डिंग मारा, पण चाक हेच. माझे मत दोन्ही पक्षांच्या विरुद्ध आहे, आणि दुसऱ्याच्या जरा जास्तच विरुद्ध आहे.

जीप ही मुळात दुसऱ्या महायुद्धाची लेक. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत १९५३ साली निघालेले उंच नाकाचे सी.जे. ३ बी हे मॉडेल पुढे आपल्याकडे परवान्याने तयार होऊ लागले. आतले इंजिन उंच, म्हणून बॉनेट उंच. तहसीलदार, पाटबंधारे खाते, सरकारी दवाखाना, सगळ्यांची हीच गाडी. आजी सांगते, गावात जीप शिरली की कर्जवसुलीवाले आले की लस टोचणारे आले हे कळायच्या आत पोरे पांगलेली असत. या जीपचे चाक साधे : १६ इंची पोलादी रिम, रुंदी साडेचार इंच, वर ६.००-१६ मापाचा टायर, आत ट्यूब, आणि साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर पाच स्टड. डोळे दिपावेत असे त्यात काही नाही.

आता ‘मूळ’ म्हणजे काय? पन्नास वर्षे खडी आणि चिखल तुडवलेल्या जीपची पाचही चाके कारखान्यातून आली तीच असतील, असे छातीठोकपणे कोण सांगेल? दर दोन-चार वर्षांनी लिलावातल्या गाडीचे चाक हिला, हिचे तिला, असेच चालत आले. बरे, ‘मूळ चाक’ म्हणून हट्ट धरणाऱ्या पुष्कळांच्या बॉनेटखाली पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन कधीच बसलेले असते! केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक वय झालेली दुचाकी किंवा चारचाकी मूळ स्वरूपात असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. मात्र ती रोजच्या वापराला वा धंद्याला लावता येत नाही. मूळ स्वरूप म्हणजे काय हे सांगताना या नियमांत चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या मोठ्या फेरबदलांचा उल्लेख आहे. चाकांचा नाही. मला हे शहाणपणाचे वाटते. चाक हे झिजण्यासाठीच असते.

म्हणून चाक ठेवायचे की टाकायचे हे भावनेने न ठरवता तपासणीने ठरवावे. अण्णांची रीत लिहितो. आधी टायर उतरवायचा, कारण खरा गंज बाहेर दिसतच नाही. टायरची कड जिथे बसते तिथे आणि व्हॉल्व्हच्या भोकाशी तो लपलेला असतो. वर्षानुवर्षे पाणी आत साचून तिथे पोलादाला खड्डे पडतात, आणि तोच खडबडीत गंज ट्यूब कापतो. मालक मात्र पंक्चरवाल्याला शिव्या घालत बसतात. मग तारेच्या ब्रशने चाक पांढरे होईस्तोवर घासायचे. एका जुन्या हबवर ते चढवायचे, काठाजवळ खडू स्थिर धरायचा आणि चाक हाताने फिरवायचे. खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली तर चाक सरळ. एकाच जागी उमटली तर तिथे फुगवटा. थोडा वाक असेल तर लाकडाचा ठोकळा मध्ये धरून तो निघतो. अण्णा शक्यतो गार लोखंडच ठोकतात, गॅसची ज्योत लावत नाहीत.

सगळ्यात शेवटी चीर. ती डोळ्यांना दिसत नाही. स्टडच्या भोकांभोवती आणि रिम व डिस्क जिथे जोडलेली असते तिथे रॉकेल लावायचे, थोडा वेळ मुरू द्यायचे, कोरडे पुसायचे आणि वर खडूची पूड चोळायची. चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल हळूहळू पुडीत उतरते आणि केसासारखी काळसर रेघ उमटते. ही रेघ पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. इतिहासाच्या पुस्तकात पुरावा, पुरावा म्हणतात तो हाच असावा.

नट ढिले ठेवून चालवलेल्या चाकाची भोके लांबोळी होतात. असे चाक, चीर गेलेले चाक, आणि टायर बसतो तिथे खड्ड्यांनी पातळ झालेले चाक, ही तीन बाद. बाकीची सारी ठेवावीत; घासून, पातळ रेड ऑक्साइड मारून, वर रंग देऊन खुशाल आणखी वीस वर्षे चालवावीत. फक्त नट जिथे टेकतात तिथे रंगाचा वा पावडर कोटिंगचा जाड थर ठेवू नये. तो थर दबतो आणि नट ढिले पडतात. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. आणि एक : पुष्कळ जुन्या जीपना डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावून लावून स्टडच मोडतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका मालकाच्या चाकावर अशी रेघ निघाली, एका भोकापासून थेट दुसऱ्या भोकापर्यंत. मालक म्हणाले, “मिस्त्री, वेल्डिंग मारा, ग्राइंडरने सपाट करा, वरून रंग द्या. कुणाला दिसतंय?” अण्णा म्हणाले, “दिसणार न्हाई म्हणूनच करत न्हाई, मालक. घाटात तुमचीच बायका-पोरं बसणार त्यात.” खरे तर कारण सोपे आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात डिस्क जराशी लवते. वेल्डिंगच्या शेजारचे पोलाद तापून-निवून आपला गुण बदलते आणि नवी चीर तिथूनच निघते. मालकांनी ऐकले नाही. जीप टेम्पोवर घालून दुसरीकडे नेली. जीपचे पुरे काम हातचे गेले आणि त्या सत्राची माझी परीक्षा फी दंडासह भरावी लागली. ‘मूळ’पणाच्या हौसेची किंमत कोण मोजतो, हे मला तेव्हा कळले.

युद्धकाळातल्या काही जीपना दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली रिम असते. हौशी मंडळींना ती फार प्रिय. त्यात दोन प्रकारचे नट असतात : चाक हबला धरणारे आणि रिमचे दोन तुकडे एकत्र धरणारे. हवा भरलेली असताना दुसऱ्या प्रकारचे नट सोडले, तर रिमचा तुकडा तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. समोर मालक नसतो. चाकावर वाकलेला मिस्त्रीचा पोऱ्या असतो. अशी रिम जपायला माझी हरकत नाही, पण आधी सगळी हवा काढावी हे त्या पोऱ्याला समजावून सांगणे मालकाचेही काम आहे.

अलॉयवाल्यांविषयी थोडक्यात. पाच स्टडचे वर्तुळ मारुती जिप्सीशी जुळते, म्हणून तिची चाके पुष्कळ जण बसवतात. पण स्टडवर बसले म्हणजे जुळले असे होत नाही. चाक हबपासून बाहेर सरकले की बेअरिंगवर आणि किंगपिनवर तरफेसारखा ताण येतो, स्टिअरिंग झटके देते, चिखल थेट खांद्यावर उडतो. टायरचा घेर बदलला की स्पीडोमीटर खोटे बोलू लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा प्रश्न आहे तो वेगळाच. शिवाय चिखलात अरुंद चाक खालची घट्ट जमीन शोधते. पोलाद आधी वाकते, आणि वाकलेले कुठल्याही गावात ठोकून घेता येते. चाक बदलायचेच तर त्याच मापाचे पोलादी घ्यावे.

अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचे व्हार्निश दिले. चित्रे टिकावीत हाच हेतू; पण पुढे तो थर पिवळा-काळा पडला आणि काढता काढता पुरेवाट झाली. वर्गात हे ऐकताना मला ग्राइंडरने सपाट केलेले ते चाक आठवत होते. वरचा लेप आतले दुखणे बरे करत नाही, उलट ते पाहण्याची सोय काढून घेतो.

आता माझी सूचना. घासणे, खडू, रॉकेल यांत पाच चाकांना पुरा दिवस जातो, पण बिलात त्याची ओळ नसते. मालक पैसे देतो ते रंगाचे. म्हणजे चाक चांगले ठरले तरच मिस्त्रीची मजुरी निघते. बाद ठरवले तर दिवस फुकट. अशा व्यवहारात किती मिस्त्री खरे बोलतील? तपासणीची मजुरी वेगळी असावी आणि चाक बाद ठरले तरी ती द्यावी. अण्णांना मी म्हटले, तसा दर पाटीवर लिहून देतो. ते म्हणाले, “आधी परीक्षा हुंदे.”