समुद्राचं विरजण

गेल्या दिवाळीत आमच्या दांडिया बाजारातल्या घरी जे जे फराळाला आले, त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला. खिडकीत ओळीनं ठेवलेल्या त्या हिरव्या पाण्याच्या बाटल्या कसल्या? आईनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "आमच्या नातवंडांचं जेवण आहे ते." नातवंडं म्हणजे अडतीस क्लाऊनफिश. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, २००३ साली आलेल्या 'फाइंडिंग नेमो' या चित्रपटानं घराघरांत पोचवलेले मासे. समुद्रापासून इतक्या लांब, बडोद्यात, ते जन्मले कसे आणि त्याआधी आम्ही काय काय घालवलं, ते या वेळी सांगतो.

हट्ट लेकीचा होता. बारावीनंतर ती शिकायला बाहेरगावी जाणार होती, त्याआधी तिला एकदा पिल्लं वाढवून पाहायची होती. जोडी आणतानाच आम्ही टाकीत जन्मलेली मागितली. समुद्रातून पकडलेल्या माशांना प्रवास आणि टाकीतलं खाणं सहज मानवत नाही, आणि प्रवाळातले मासेही त्यामुळे कमी होतात. कृत्रिम पैदास आता नवलाईची राहिलेली नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये मार्टिन मो यांनी १९७०च्या दशकात हे मासे व्यापारी प्रमाणावर वाढवून दाखवले, आणि आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनंही त्यांच्या पैदाशीची पद्धत बसवली आहे.

दोन लहान मासे आणले. दोघांत मोठा कोण होईल त्यावर सगळं ठरतं. क्लाऊनफिश आधी नर म्हणून वाढतात, आणि जोडीतला मोठा, दांडगा मासा मादी होतो. ती मेली तर नराची मादी होते. म्हणजे खऱ्या समुद्रात नेमोची आई गेल्यावर त्याचे बाबाच आई झाले असते! आमच्या मोठीचं नाव लेकीनं 'काकू' ठेवलं, धाकट्याचं 'काका'. काकूंचा दरारा असा, की त्या जवळ आल्या की काका अंग थरथरवून शरणागती पत्करायचे.

पाण्यासाठी घरातलं मीठ चालत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ आरओच्या पाण्यात, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. तापमान सत्तावीस अंशांच्या आसपास. क्लाऊनफिशला अंडी घालायला समुद्रफूल लागतंच असं नाही. आम्ही टाकीत मातीचं एक कौल तिरकं टेकवून ठेवलं होतं. वर्ष-सव्वा वर्षानं एका संध्याकाळी काका ते कौल तोंडानं घासून साफ करताना दिसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर नारिंगी ठिपक्यांचा गालिचा. लेक नाचलीच. तिसऱ्या दिवशी कौल कोरं! नवखी जोडी पहिली अंडी बहुधा खाऊनच टाकते.

पण एकदा सुरुवात झाली की दर दोनेक आठवड्यांनी अंडी येतात. दुसऱ्या वेळी काका शहाणे झाले. दिवसभर पंखांनी पाणी वारायचे, खराब अंडं वेचून खायचे. नारिंगी अंडी काळपट होत गेली, मग त्यात चंदेरी डोळे चमकायला लागले. डोळे चमकले म्हणजे अंडी फुटायची वेळ आली. साधारण सातव्या-आठव्या रात्री, दिवे गेल्यावर तासा-दोन तासांत.

आता माझा अपराध. नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची लांबी तीन-चार मिलिमीटर. त्याला कोरडं खाद्य कळत नाही, समोर हलणारं जिवंत भक्ष्यच तो टिपतो. ते भक्ष्य म्हणजे रोटिफर, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा किंवा त्याहून बारीक जीव. रोटिफर हिरव्या सूक्ष्म शेवाळावर जगतात, म्हणून त्या हिरव्या बाटल्या. आमच्याकडे रोटिफरची एक बादली मस्त चालली होती. अंडी पाचव्या दिवसावर असताना पुण्याला भाच्याचं लग्न आलं. दोन दिवसांचाच प्रश्न म्हणून मी निघताना बादलीत शेवाळाचं खाद्य दुप्पट ओतलं आणि घराला कुलूप लावलं.

परत आलो तर बादलीला वास. पाणी गढूळ, एकही रोटिफर हलत नव्हता. त्याच रात्री अंडी फुटली. टॉर्चच्या उजेडात दीडशेच्या वर पिल्लं पाण्यात नुसती चमकत होती. पोटातल्या बलकावर त्यांनी एक दिवस काढला. आम्ही उकडलेल्या अंड्याचा बलक गाळून घातला, कोरडं खाद्य कुटून घातलं. त्यानं पाणी तेवढं नासलं. चौथ्या दिवशी सकाळी टाकी रिकामी. लेक माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "बाबा, जेवायला घालता येत नसेल तर जन्माला कशाला घालायचं?"

मी काय बोलणार? हे बंद करू या, असं मीच म्हणालो. तेव्हा दह्याचं भांडं पुसत आई म्हणाली, "अरे, एकाच पातेल्यात सगळं विरजण ठेवतं का कोणी? ते नासलं तर? आपण लांब गेलो की शेजारच्या वहिनींकडे वाटीभर देऊन जातो ना?"

झालं. एका बादलीच्या आम्ही तीन बादल्या केल्या, शिवाय शेजारी एक बाटली. रोज प्रत्येक बादलीतून पाव भाग गाळून काढायचा, तेवढंच ताजं खारं पाणी आणि पाणी फिकट हिरवं दिसेल इतकंच शेवाळ घालायचं. जास्त घातलं की नासतं, विसरलो की रोटिफर उपाशी मरतात. महिनाभर ही शिस्त पाळली. त्या काळात आलेली अंडी काका-काकूंकडेच राहू दिली, कारण बादल्यांची खात्री पटेपर्यंत पिल्लं घ्यायची नाहीत, असं लेकीनं बजावलं होतं.

मग ती रात्र आली. वीस लिटरच्या टाकीला बाजूंनी काळा कागद लावला, म्हणजे पिल्लं उजेडाच्या ओढीनं काचेवर आपटत नाहीत. मोठ्या टाकीतलंच पाणी भरलं. कौल अलगद हलवलं आणि काकांच्या पंखांच्या जागी हवेचे मंद बुडबुडे सोडले. दिवे बंद. सकाळी पाणी हलकं हिरवं केलं, रोटिफर सोडले. पिल्लू अंगाचा इंग्रजी 'एस' करतं आणि झटकन पुढे जातं. त्या झटक्यात एक घास! लेक भिंग घेऊन मोजत बसली.

पुढचे दहा दिवस रोज अमोनिया तपासणं, तळ नळीनं साफ करणं, थेंबाथेंबानं ताजं पाणी घालणं. सातव्या दिवसापासून ताजे फुटलेले आर्टेमिया, आधी रोटिफरसोबत थोडेथोडे. पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की ओळखायचं, जेवली. अकराव्या दिवशी लेकीची हाक आली, "बाबा, पट्टा!" डोक्यामागे पहिली पांढरी रेघ उमटली होती, आणि इतके दिवस भिरभिरणारी पिल्लं माशांसारखी तळाशी येऊन पोहायला लागली होती. तरीही रोज दोन-चार जात होतीच. शेवटी अडतीस उरली.

चार महिन्यांनी त्यातली वीस गावातल्या दुकानदारानं घेतली आणि बदल्यात समुद्री मिठाची पोती दिली. काही मित्रांकडे गेली. सहा आमच्याकडे आहेत.

तुमच्यापैकी कोणाला हे करावंसं वाटलं, तर मासे आणायच्या आधी दोन महिने फक्त रोटिफर सांभाळून पाहा. ते जमलं तर पिल्लं जमतील. ते कंटाळवाणं वाटलं तर नुसती जोडी पाळा, त्यातही आनंद आहे. पोरीचा प्रश्न मात्र विसरू नका.

ती जूनमध्ये गेली. आता रोज सकाळी आई दूध तापवते, दही लावते आणि मग चष्मा लावून तीन बादल्या ढवळते. शेजारच्या वहिनींकडची बाटलीही चालू आहे. बडोद्यात कोणाला विरजण हवं असेल तर वाटी घेऊन या. कुठलं ते मात्र दारातच सांगा.