किमान देय, कमाल घोर
हिंजवडीत नुकत्याच नोकरीला चिकटलेल्या पोरापोरींच्या हाती पहिल्या पगारापाठोपाठ क्रेडिट कार्ड येतं आणि त्याच्या बिलावर दोन आकडे असतात: एक पूर्ण रकमेचा, दुसरा ‘किमान देय’. दुसरा भरला की वसुलीचा फोन येत नाही, म्हणून तोच भरला जातो. आता हिशेब मांडा. समजा थकबाकी ५०,००० रुपये, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५. पोरानं पाच टक्क्यांनी २,५०० भरले, तर मुद्दल फिटलं अवघं ४३५ रुपयांचं! वर थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही. काल मागवलेल्या बिर्याणीवरही व्याज सुरू. नुसतं किमान देय भरण्याच्या धोक्याचा इशारा बिलावर छापा, असं रिझर्व्ह बँकेनं बजावलंय, वाचतो कोण? कार्डाच्या व्याजाला वार्षिक ३० टक्क्यांची वेसण घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८चा निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४मध्ये रद्द केला, तेव्हा तिकडूनही आशा नको. ‘आजकालची पोरं उधळी’ म्हणणाऱ्या (स्वतः वीस वर्षं घराचे हप्ते फेडलेल्या) काकांनी घरकर्जाचे आठ-नऊ टक्के आणि कार्डाचे वर्षाला बेचाळीस टक्के यांतला फरक ध्यानात घ्यावा. मात्र महागडा मोबाइल कुणी पोराच्या खिशात कोंबला नव्हता, हेही खरंच. अडकलेल्यानं कार्ड वापरणं थांबवावं आणि स्वस्त कर्ज काढून किंवा घरी तोंड उघडून थकबाकी एकदाची मिटवावी. बोलणी खावी लागतील, पण त्यांवर जीएसटी नाही.