‘साबर बोंडं’ आणि त्याचे प्रेक्षक

चित्रपटाची परीक्षा जितकी पडद्यावर होते, तितकीच ती खेळ सुटल्यानंतर जिन्यावर होते. घरीं परततांना कुटुंबांतील मंडळी जें बोलतात, त्यावरून चित्रपटाविषयीं थोडें आणि बोलणारांविषयीं पुष्कळ कळतें. विशेषतः ज्या विषयावर आपण घरांत सहसा तोंड उघडीत नाहीं, असा विषय पडद्यावर आला म्हणजे प्रेक्षकांची स्तुति आणि निंदा दोन्ही सारख्याच लक्षपूर्वक ऐकण्यासारख्या होतात. श्री. रोहन परशुराम कानवडे ह्यांचा ‘साबर बोंडं’ हा मराठी चित्रपट अशाच विषयाचा असल्यामुळें, ह्या खेपेस आम्ही चित्रपटाइतकाच त्याच्या प्रेक्षकांचाहि विचार करणार आहों.

प्रथम चित्रपटाची ओळख. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत तो दाखविला गेला. त्या महोत्सवांत मराठी कथापट दाखविला जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. आणि परदेशीय कथापटांच्या विभागांतील परीक्षकांचें सर्वोच्च पारितोषिकहि त्यासच मिळालें. पुढें १९ सप्टेंबर २०२५ रोजीं तो आपल्याकडील चित्रपटगृहांत आला. ज्यांच्या नांवावर तिकिटें खपावींत असे नट त्यांत नाहींत, गाणीं नाहींत, पार्श्वसंगीतहि नाहीं. पैसा बेताचा, तोहि भारत, ब्रिटन व कॅनडा येथील निर्मात्यांनीं मिळून उभा केलेला. दिग्दर्शक स्वतः मुंबईंतील एका मोटारचालकाचे चिरंजीव. २०१६ सालीं वडील वारल्यावर ते सुतकाचे दहा दिवस गांवीं जाऊन राहिले होते. त्या दिवसांतच ह्या कथेचें बीज पडलें.

कथा थोडक्यांत सांगतां येते. मुंबईस कॉल सेंटरमध्यें नोकरी करणारा आनंद हा तरुण वडिलांच्या निधनानंतर आईबरोबर मूळ गांवीं येतो. सुतकांतल्या माणसानें काय खावें, काय नेसावें, पायांत काय घालूं नये, ह्याचे निर्बंध नातेवाईक त्यास एकामागून एक सांगत राहतात. आणि त्याच श्वासांत ‘आतां लग्नाचें काय?’ हाहि प्रश्न विचारतात. गांवांत त्याचा बाळपणचा सोबती बाळ्या शेती करून असतो. तोहि अविवाहित, आणि त्याच्याहि मागें तोच लकडा. ह्या दोघांमध्यें जें प्रेम आहे, त्यास ह्या दहा दिवसांत पुन्हां पालवी फुटते. आईस मुलाची प्रकृति ठाऊक आहे. ती त्याच्यावर रागावत नाहीं, पण आप्तांना मात्र सांगते कीं, एका मुलीनें त्याचा प्रेमभंग केला म्हणून तो लग्नास तयार होत नाहीं. आनंदाचें काम भूषण मनोज, बाळ्याचें सुरज सुमन आणि आईचें जयश्री जगताप ह्यांनीं केलें आहे. तिघांच्याहि कामांत अभिनयाचा आव म्हणून कोठें दिसत नाहीं.

नांवाचा अर्थ शहरांतील मुलांना सांगावा लागेल. साबर म्हणजे निवडुंग आणि त्याचें बोंड म्हणजे त्यावर येणारें लाल फळ. तें गोड असतें, परंतु वरील बारीक कुसळें घासून काढल्यावांचून तोंडांत घालतां येत नाहीं. बाळ्या आनंदासाठीं तीं बोंडें घेऊन येतो. ह्याहून अधिक स्पष्टीकरण दिग्दर्शक करीत नाहीं, आणि आम्हीहि करीत नाहीं.

आतां प्रेक्षकांकडे वळूं. सर्वांत अधिक ऐकूं येणारी तक्रार अशी कीं, चित्रपट फार संथ आहे व त्यांत कांहीं घडतच नाहीं. ह्या तक्रारींत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येक दृश्यें, त्यांचा आशय समजल्यानंतरहि, पडद्यावरून हलत नाहींत. पण ज्यांनीं घरांत सुतक पाळलें आहे त्यांनीं आठवून पाहावें, त्या दहा दिवसांत घड्याळाचे कांटे कसे चालतात? येणारीं-जाणारीं माणसें, तींच वाक्यें, तोच भात, आणि दुपारीं घरावर उतरणारी ती जड शांतता. चित्रपटाची गति ही त्या घराची गति आहे.

शिवाय ‘कांहीं घडत नाहीं’ ह्या वाक्याच्या पोटांत आणखीहि एक अपेक्षा दडलेली आहे. अशा माणसांच्या कथेंत कांहींतरी भयंकर घडावें, निदान कोणी जीव तरी द्यावा, ही आपणांस संवयच झाली आहे. १९८१ सालीं विजय तेंडुलकरांनीं ‘मित्राची गोष्ट’ ह्या नाटकांत स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी रंगभूमीवर आणली. तें धाडस लहान नव्हतें. परंतु त्या नाटकांतील मित्राचा शेवट आत्मघातांत झाला. दुसऱ्या बाजूस, आपल्या विनोदी चित्रपटांनीं बायकी हावभावांचा पुरुष हंशासाठीं राबविला. मरण किंवा चेष्टा, ह्या दोहोंखेरीज तिसरी गति आपण ह्या पात्रांस क्वचितच दिली. ‘साबर बोंडं’ मध्यें ह्या दोघांस कोणी मारीत नाहीं, त्यांना कोणी हंसत नाहीं. तीं दोन माणसें झाडाखालीं बसतात, बोलतात, पुनः कामास लागतात. जो प्रेक्षक वादळाची वाट पाहत बसला, त्यास हें रितें वाटणें साहजिक आहे.

दुसरा वर्ग म्हणतो, ‘असले विषय दाखवावेतच कशाला?’ हा प्रश्न फार जुना आहे. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनीं १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. वाचकांनीं विचारलेल्या कामविषयक शंकांना, ज्यांत समलिंगी संबंधांविषयींच्या शंकाहि होत्या, त्यांनीं सरळ उत्तरें दिलीं म्हणून १९३४ मध्यें त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला आणि कर्व्यांस दंड झाला. ह्यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, शंका विचारणारे मासिकाचे वाचकच होते. प्रश्न घरांत होता म्हणून तो मासिकाकडे गेला. मासिकानें तो घरांत आणिला नाहीं. चित्रपटाविषयींहि हेंच म्हणतां येईल.

ह्या वर्गाचा सूर मात्र पुष्कळ उतरला आहे, हें मान्य केलें पाहिजे. १९९८ सालीं दीपा मेहता ह्यांच्या ‘फायर’ ह्या चित्रपटाच्या वेळीं मुंबईंतील चित्रपटगृहांवर जमाव चालून गेले, मोडतोड झाली, आणि तो चित्रपट पुनः परीक्षण मंडळाकडे धाडण्यांत आला. पुढील वर्षीं तो काटछांट न होतां परत आला. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें प्रौढांमधील संमतीचे असे संबंध गुन्ह्याच्या व्याख्येंतून काढून टाकले. त्यानंतर दगड उचलणारे हात पुष्कळसे खालीं आले. परंतु दगड टाकून देणें निराळें आणि हात पुढें करणें निराळें.

तिसरा वर्ग सुसंस्कृत स्तुतिपाठकांचा. ते म्हणतात, ‘हा मुळीं त्या विषयाचा चित्रपटच नव्हे, ही आई-मुलाची, दुःखाची, मैत्रीची सार्वत्रिक कथा आहे.’ हेतु चांगला आहे. तथापि ही स्तुति आम्हांस थोडी सावधपणाची वाटते. एखाद्या विधवेची करुण कथा वाचून ‘ही विधवेची कथाच नव्हे’ असें आपण म्हणत नाहीं. येथेंच विषयाचें नांव टाळावेसें कां वाटतें? आनंदाचें दुःख सर्वांसारखें आहे खरें, पण त्याची कोंडी सर्वांसारखी नाहीं. बाप गेल्याचें दुःख त्यास चार माणसांत रडून मोकळें करतां येतें. प्रेमाविषयीं मात्र त्यास व त्याच्या आईस एक न झालेली मुलगी कल्पावी लागते. ह्या फरकावरच सारा चित्रपट उभा आहे. तो फरक पुसून केलेली स्तुति ही चित्रपटास पाट देऊन त्यावर बसूं न देण्यासारखी आहे.

आणि आतां चौथी प्रतिक्रिया, जीसाठीं मुख्यतः आम्ही हा लेख लिहिण्यास घेतला. ‘सगळें ठीक आहे, पण अशी आई असते होय? खेड्यांतून आलेली, न शिकलेली बाई मुलाचें असलें वागणें इतक्या शांतपणें घेईल, हें पटत नाहीं.’ असें म्हणणारीं माणसें बहुधा आमच्या-तुमच्यासारख्या घरांतलीं असतात: दोन पिढ्या पदवीधर, भिंतीस पुस्तकांचें कपाट, एक मुलगा परदेशीं. त्यांना बाळ्या पटतो, आनंद पटतो. आई पटत नाहीं.

हा अविश्वास कोठून येतो, ह्याचा आपण शांतपणें विचार करावा. समजूतदारपणा हा शिक्षणाबरोबर येतो, आणि शिक्षण आपल्याकडे आधीं आलें, तेव्हां समजूतदारपणाहि आपल्याकडे अधिक असणार, असा हिशेब आपण मनांत मांडून ठेविला आहे. वस्तुतः ह्या चित्रपटांतील आईबाप कल्पनेनेंच निर्माण झालेले नाहींत. दिग्दर्शकानें आपली प्रकृति घरीं सांगितली तेव्हां मोटार चालविणाऱ्या त्याच्या वडिलांनीं त्यास दूर लोटलें नाहीं. म्हणून ‘अशी आई असते होय?’ ह्या प्रश्नाचा खरा रोंख त्या खेडवळ बाईकडे नसून आपल्याकडे आहे. तिला जें जमलें तें आपणांस जमलें असतें काय, ही शंका मनांत उठते, आणि तिचें उत्तर देण्यापेक्षां तिलाच खोटी ठरविणें सोयीचें वाटतें.

कारण आपल्या घरांत ह्या बाबतींत काय होतें, हें सांगण्याची गरज नाहीं. आरडाओरड होत नाहीं. मुलास कोणी घराबाहेर काढीत नाहीं. त्याच्या समोर तो विषयच काढला जात नाहीं. पत्रिका मात्र मागविल्या जातात. ‘एकदां लग्न झालें म्हणजे सारें सुरळीत होईल’ हें वाक्य आपल्याकडील कित्येक सुशिक्षित आईबापांनीं उच्चारलें आहे. घरांत मृत्यु झाला असेल तर ‘वर्षाच्या आंत कार्य उरकून घ्यावें’ ही रूढि मदतीस येते, आणि शोकांत असलेल्या मुलाच्या होकारास खरा होकार समजलें जातें.

ह्या होकाराची किंमत कोण देतें? अमोल पालेकरांच्या २००६ सालच्या ‘थांग’ ह्या चित्रपटांत ती किंमत दाखविलेली आहे. शिकलेली, स्वतः वकील असलेली पत्नी. आणि तिच्या पतीचें प्रेम त्याच्या मित्रावर. दोष कोणाचा हें ठरविण्यापूर्वीं त्या घरांत तीन आयुष्यें विसकटून गेलेलीं असतात. परक्याची मुलगी अशा रीतीनें आणणें हा केवळ आपल्या मुलावरचा अन्याय नव्हे. जिनें आपल्या दारांत विश्वासानें माप ओलांडलें, तिच्यावरचा तो त्याहून मोठा अन्याय आहे. ज्यांना मुलाच्या प्रेमाविषयीं सहानुभूति वाटत नसेल, त्यांनीं निदान त्या मुलीचा विचार करावा. आनंदाची आई आप्तांशीं खोटें बोलते हें खरें. पण त्या खोट्यानें ती एका अनोळखी मुलीस वांचविते, हेंहि तितकेंच खरें. सभ्य घरांतील मौन पुष्कळदां तिच्या असत्यापेक्षां अधिक क्रूर ठरतें.

ह्याचा अर्थ, चित्रपट न आवडणारा प्रत्येक प्रेक्षक कठोर आहे, असा कोणी करूं नये. ज्यास संथ चित्रपट आवडत नाहींत त्यानें तसें म्हणावें. अभिरुचीवर कोणाचा कायदा नाहीं. एखाद्या सद्गृहस्थास अंधारांत बसल्या बसल्या संकोच वाटला असेल, तर तोहि क्षम्य आहे. आयुष्यभराची संवय दोन तासांत मोडत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, खेळ सुटल्यावर जिन्यावर जें बोलावयाचें तें जरा जपून बोलावें. थट्टेनें टाकलेला एक शब्द, ‘ईश्वरकृपेनें आपल्या घरांत असलें कांहीं नाहीं’ असा सोडलेला एक सुस्कारा, हीं आपणांस क्षुल्लक वाटतात. परंतु शेजारून उतरणारा मुलगा, किंवा मुलगी, तींच वाक्यें अनेक वर्षें मनांत बाळगून असतो. घरांत कांहीं सांगावें कीं सांगूं नये, ह्याचा निर्णय तो बहुधा अशाच एखाद्या जिन्यावर करून टाकतो. आणि त्याचा पत्ता आपणांस लागत नाहीं.

ज्यांस शक्य असेल त्यांनीं हा चित्रपट अवश्य पाहावा, आणि एकट्यानें न पाहतां घरांतील तरुण मंडळींबरोबर पाहावा. नंतर मोठें भाषण करण्याचें कारण नाहीं. ‘ती आई मला आवडली,’ एवढें एक वाक्य वडील माणसानें सर्वांच्या ऐकण्यांत म्हटलें, तरी पुष्कळ होईल.