थांबण्याची जागा



नोकरीच्या काळात मी तीन वर्षे बेंबळी शाखेत होतो. धाराशिव जिल्ह्यातील या गावाशी जुळलेला ऋणानुबंध निवृत्तीनंतरही टिकून आहे. गेल्या दिवाळीनंतर तेथील एका आडतदार स्नेह्यांकडे दोन दिवस मुक्कामास गेलो होतो. त्या मुक्कामात माझ्या हातून जे घडले ते अभिमानाने सांगण्यासारखे नाही. तरीही ते आपल्यासमोर ठेवणे मला आवश्यक वाटते.

स्नेह्यांच्या गोदामाशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांच्या वडिलांची काँटेसा उभी असते. हिंदुस्तान मोटर्सने 1984 मध्ये बाजारात आणलेल्या या मोटारीची मूळ बांधणी ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची. पुढे तिला इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन मिळाले. लांब बॉनेट आणि रुंद बांधा यांमुळे ती अमेरिकेतील ‘मसल कार’ची आठवण करून देते. अँबेसेडर आणि पद्मिनीच्या त्या काळात दुकानासमोर काँटेसा उभी असली की पेढीची पत निराळी सांगावी लागत नसे.

सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून आम्ही ओट्यावर बसलो होतो. स्नेह्यांचा नातू पुण्याहून स्वतःची स्विफ्ट घेऊन आला होता. बोलता बोलता तो म्हणाला, “आजोबा, तुमची गाडी देखणी आहे खरी, पण माझ्या गाडीपुढे टिकायची नाही.” स्नेही हसले. “उद्या सकाळी रस्त्यावर ये. मग बघू.”

त्याच वेळी मी दोघांना आवरायला हवे होते. त्याऐवजी मी खिशातून पेन काढून आकडेमोड करीत बसलो. दोन्ही गाड्यांची ताकद जवळजवळ सारखी, नव्वदीच्या आसपास अश्वशक्ती. मात्र काँटेसाचे वजन सुमारे 1,200 किलो, तर स्विफ्टचे 900. भांडवल सारखेच असले तरी ज्या पेढीवर बोजा कमी तिची चाल जलद, हे मी आयुष्यभर ताळेबंदांत पाहिले होते. मी नातवाच्या बाजूने कौल दिला.

अमेरिकेतही हेच घडले आहे. 1964 च्या पाँटिॲक जीटीओपासून मसल कारचे युग सुरू झाले असे मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत 6.4 लिटरचे प्रचंड इंजिन बसवायचे आणि सरळ रस्त्यावर पाव मैल धावायचे, ही तेव्हाच्या तरुणांची हौस. पुढे विम्याचे हप्ते भडकले, धुराचे नियम कडक झाले, 1973 चे तेलसंकट आले आणि ते युग ओसरले. आज तेथे कुटुंबाला बाजारहाटाला नेणारी साधी टोयोटा कॅम्रीसुद्धा, तिच्यात सहा सिलिंडरचे इंजिन असेल तर, त्या जुन्या गाड्यांच्या बरोबरीने धावते आणि कित्येकदा पुढेही जाते. नावलौकिक जुन्या गाडीचा, धाव नव्या गाडीची, हे पाहण्यातच त्या शर्यतींची गंमत आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर आम्ही गेलो. किलोमीटरच्या दगडापासून 200 मीटरचे दोन दगड मोजले. 400 मीटर म्हणजे जवळजवळ पाव मैल. मी दुसऱ्या दगडापाशी घड्याळ घेऊन उभा राहिलो आणि हातरुमाल हलवून इशारा दिला. स्विफ्ट 18 सेकंदांत माझ्यासमोरून गेली. काँटेसाला 21 लागले. माझे गणित बरोबर आले होते, आणि खरे सांगतो, क्षणभर मला त्याचा आनंद झाला.

तेवढ्यात पुढच्या शेतवाटेवरून एक दूधवाला मोटारसायकलवर रस्त्यावर आला. नातवाची गाडी त्याच्या अलीकडेच थांबली. स्नेही उजव्या बाजूने, म्हणजे चुकीच्या बाजूने, येत होते. गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी असलेली, ब्रेक तपासलेले नाहीत, चालवणाऱ्याचे वय सदुसष्ट. त्यांनी गाडी बाभळीच्या झुडपांत घातली. दूधवाला घाबरून पडला. त्याचे कोपर खरचटले आणि दोन्ही कॅनमधले दूध रस्त्यावर सांडले.

मी धावत गेलो. त्याला हात देऊन उठवले तेव्हा त्याने मला ओळखले. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या पहिल्या म्हशीचे कर्ज माझ्या सहीने मंजूर झाले होते. त्याने एकही हप्ता चुकवला नव्हता. माझ्या हातातले घड्याळ पाहून तो एवढेच म्हणाला, “साहेब, तुमी बी होता का हितं?”

स्नेह्यांनी त्याच्या दुधाची भरपाई केली. त्याच्या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते.

घरी परतल्यावर मी या खेळाची माहिती काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात हा खेळ पडीक धावपट्ट्यांवर वाढला. रस्त्यावरची जीवघेणी हौस बंदिस्त जागी आणून तिला नियम लावावेत, या हेतूने 1951 मध्ये तेथे ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. आपल्या महाराष्ट्रातही लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती झाल्या आहेत. धावपट्टीच का? कारण शर्यत पाव मैलाची असली तरी त्यापुढे थांबण्यासाठी तितकीच, किंबहुना अधिक मोकळी जागा लागते. 2008 मध्ये स्कॉट कॅलिट्टा हा नामवंत चालक अंतिम रेषेपलीकडे गाडी न थांबल्यामुळे मृत्यू पावला. त्यानंतर त्या संस्थेने सर्वांत वेगवान गाड्यांची शर्यत 1,320 फुटांवरून 1,000 फुटांवर आणली. धावण्याचे अंतर कमी केले, ते थांबण्याचे वाढावे म्हणून.

आम्ही धावण्याचे अंतर दगड मोजून ठरवले होते. थांबण्याचे अंतर कोणीच मोजले नव्हते. ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला 28 मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच एवढी वाट संपते. त्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की ते चौपट होते.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 189 प्रमाणे, राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शर्यतीस संमती देणाराही त्यात येतो. खासगी मोटारीच्या विमापत्रात ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेल्या असतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास कलम 199-क नुसार पालकास किंवा वाहनमालकास 3 वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होतो आणि गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते. आपल्या घरांत गाड्या बहुधा पेढीच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या नावावर असतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

आपल्या श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे: प्रयोजन नसताना, बेसावधपणाने जिवांना इजा होईल असे वागणे. त्या सकाळी आम्हा तिघांनाही कोठे पोहोचायचे नव्हते.

कर्जाचा प्रस्ताव आला की उचल किती हवी हे अर्जदार उत्साहाने सांगत असे. परतफेड कोठून होणार, हे विचारणे माझे काम होते. चौतीस वर्षे तो प्रश्न मी इतरांना विचारला आणि त्या सकाळी स्वतःला विचारायला विसरलो. घरातील मुलगा नव्या गाडीच्या वेगाचे कौतुक सांगू लागला तर त्याला जरूर ऐकावे. मग शांतपणे विचारावे, “बाळा, थांबायला किती जागा लागते?”

स्नेह्यांनी काँटेसाचे ब्रेक दुरुस्त करून घेतले आहेत. ती आता लग्नकार्यापुरतीच बाहेर निघते. पुढच्या महिन्यात मी बेंबळीस जाणार आहे. दूधवाल्याच्या घरी जाऊन त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे आहे. “होय, मीही होतो,” एवढेच.