भूगोल-पर्यावरणासाठी कॉलेज निवडताना: पवईतून काही विचार

बारावीचा निकाल लागला की पवईच्या वस्त्यांतली मुले-मुली चौकशीला येतात. बहुतेकांना कॉमर्स नाहीतर आयटी हवे असते. एखादीने भूगोल किंवा पर्यावरणाचे नाव काढले की घरचे विचारतात, "त्यात पुढे काय?" आम्ही त्यांना पवईतल्याच दोन घटना सांगतो.

पवई तलावाकाठी महापालिकेने सायकल ट्रॅकचे काम सुरू केले. आयआयटी मुंबईच्या संशोधक विद्यार्थ्यांनी हायकोर्टात जनहित याचिका केली. पाणथळ जागेचे नियम त्यांनी अभ्यासले होते. 6 मे 2022 रोजी कोर्टाने ट्रॅक बेकायदा ठरवला आणि जागा पूर्ववत करायला सांगितले.

तिथून जवळच जयभीम नगर. 6 जून 2024 रोजी, पावसाच्या तोंडावर, शेकडो झोपड्या पाडल्या गेल्या. माणसे फुटपाथवर आली. हायकोर्टाने विशेष तपास पथक नेमायला लावले, पण ते घरे गेल्यानंतर. तलावाच्या बाजूने नियम आणि नकाशा वाचणारी माणसे वेळेत उभी राहिली. वस्तीच्या बाजूने अशी माणसे कमी पडली. ती आपल्यातून तयार व्हायला हवीत.

हा विषय आपल्याला परकाही नाही. महाडचा 1927 चा सत्याग्रह पाण्याच्या हक्काचाच होता. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी करण्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा होता.

आता कॉलेजचे. पर्यावरणाचा एक पेपर पदवीला सगळ्यांनाच असतो. त्याला 'पर्यावरण शिकणे' समजू नका. बी.ए. किंवा बी.एस्सी.ला प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. भूगोल तिसऱ्या वर्षापर्यंत मुख्य विषय म्हणून आहे का? जीआयएस, म्हणजे संगणकावरचे नकाशाशास्त्र, प्रत्यक्ष हाताने करायला मिळते का? क्षेत्रभेटी होतात का, आणि त्यांचा खर्च कोण करतो? उत्तरे ऑफिसात नाही, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून घ्या.

पदवीनंतरच्या वाटा लांब नाहीत. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा भूगोल विभाग आहे. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पर्यावरणाकडे समाजाच्या अंगाने पाहायला शिकवतात. विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांसाठी आयआयटीचा पर्यावरण विभाग तर पवईतच आहे.

कागद आधी तयार ठेवा. 1990 पासून बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, पण केंद्रीय संस्थेत केंद्राच्या नमुन्यातलाच जातीचा दाखला लागतो. तो ऐनवेळी मिळत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करा. पुण्याला जायचे ठरले आणि सरकारी वसतिगृह मिळाले नाही, तर स्वाधार योजना पाहा.

शेवटचे, पण महत्त्वाचे. फेब्रुवारी 2023 मध्ये आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि कॅम्पसमधल्या जातिभेदाचा प्रश्न देशभर गाजला. म्हणून मोठ्या संस्थेत जाऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. जा, पण एकटे पडू नका. एससी-एसटी सेल कुठे आहे, आपले सीनियर कोण आहेत, हे पहिल्या आठवड्यातच शोधा.

उद्या वस्तीचा नकाशा टेबलावर येईल तेव्हा तो वाचणारे कोणीतरी आपले असावे, एवढ्यासाठी हा विषय.

जयभीम!